पाठवला आहे

कचेऱ्यांच्या तोंडी काही वाक्यं अशी असतात की ती ऐकल्यावर समोरच्याने निमूट घरी जायचं असतं. 'साहेब राउंडला गेलेत' हे त्यातलं एक. 'फाइल वर गेलीय' हे दुसरं. गेल्या पंधराएक वर्षांत त्यांना तिसऱ्याची जोड मिळाली आहे: 'आपल्या नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.' साहेब कधीतरी राउंडवरून परततात. फाइलही, वजन ठेवलं तर, खाली येते. ओटीपीचं तसं नाही. तो पाठवलेला असतो, आणि पाठवणाऱ्याच्या लेखी विषय तिथेच मिटतो.

मी कटकट्या माणूस नाही. आमच्या भागात पाणी दिवसाआड येतं, त्याबद्दल मी कधी अवाक्षर काढलेलं नाही. लिफ्ट बंद असली की जिने चढतो आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम झाला म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की मला पाठवलेला संदेश मला मिळावा. ही मागणी अवाजवी वाटत असेल तर संबंधितांनी तसं लेखी कळवावं. टपालाने कळवावं, एसएमएसने नको.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो, कारण ज्यांचे ओटीपी वेळेवर येतात (असे लोक आहेत, मी भेटलो आहे) त्यांना यातलं काही खरं वाटत नाही. घरपट्टी भरायची आहे, सवलतीचा शेवटचा दिवस आहे. कार्डाचा सोळा आकडी नंबर, मुदत, मागचे तीन आकडे, सगळं भरून झालं. पडद्यावर घड्याळ उलटं धावू लागलं: दोन एकोणसाठ, दोन अठ्ठावन्न. फोन हातात, फोन गप्प. 'पुन्हा पाठवा' असं बटण आहे, पण ते करड्या रंगात आहे, म्हणजे दिसतं पण दबत नाही. तीस सेकंदांनी त्याच्यात जीव येतो. तोवर फोन घेऊन बाल्कनीत जायचं. आमच्या घरात वॉशिंग मशीन आणि तुळशीची कुंडी यांच्या मधल्या फरशीवर नेटवर्कच्या दोन दांड्या मिळतात. तिथे हात उंच करून उभं राहायचं. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ सुरुवातीला मला हात हलवून उत्तर द्यायचे. आता देत नाहीत.

तीस सेकंद झाले, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. आणि मग ओटीपी आला. पहिला. दुसरा मागवला की पहिला बाद होतो असा नियम आहे. मात्र कितवा आला ते संदेशावर लिहायचा नियम नाही. टाकला: 'चुकीचा ओटीपी.' मग दुसरा आला, टाकला, तोही चुकीचा, कारण मी तिसरा मागवून बसलो होतो. तिसऱ्याची वाट बघून घाईने चौथा मागवला, आणि तेवढ्यात तिसरा हजर झाला. तीन चुका झाल्या, कार्ड सुरक्षेच्या कारणास्तव चोवीस तासांसाठी बंद. हे कळवणारा संदेश मात्र त्याच क्षणी आला. त्याच बँकेचा, त्याच फोनवर, त्याच फरशीवर, त्याच दोन दांड्यांत. त्याच्या पाठोपाठ आणखी एक: आमच्या सेवेला शून्य ते दहापैकी किती गुण द्याल? चौथा ओटीपी रात्री पावणेअकराला आला. खाली टीप होती, हा ओटीपी तीन मिनिटांसाठी वैध आहे.

दोष कुणाचा ते कळावं म्हणून मी विषयाचा अभ्यास केला. अभ्यासाने राग निवळतो असं म्हणतात. निवळला नाही.

एसएमएस हा पाठवणाऱ्याकडून थेट आपल्या फोनवर येत नाही. आधी तो मोबाइल कंपनीच्या एका केंद्रात जाऊन बसतो. केंद्र त्याला ठेवून घेतं, आपला फोन कुठे आहे याची चौकशी करतं आणि सापडला तर पुढे धाडतं. नाही सापडला तर थांबतं, थोड्या वेळाने परत बघतं. असं किती वेळ बघत राहायचं याची मुदत संदेशासोबत ठरवून देता येते; ती टळली की संदेश टाकून दिला जातो. पोचवलाच पाहिजे असं कलम यात कुठेही नाही. मुळात ही सोयच उरलेल्या जागेत केलेली. फोन लावताना-उचलताना यंत्रणेला आपसात ज्या खाणाखुणा कराव्या लागतात, त्यांच्या वाटेवर थोडी जागा शिल्लक राहत होती, तिथे एसएमएसची व्यवस्था लावली. जर्मनीत फ्रीडहेल्म हिलेब्रांड नावाच्या अभियंत्याने १९८५ मध्ये टाइपरायटरवर नाना तऱ्हेची वाक्यं बडवून, अक्षरं मोजून, माणसाला सांगण्यासारखं जे काही असतं ते १६० अक्षरांत मावतं असा निर्वाळा दिला होता. त्याला आपल्याकडची लग्नपत्रिका कुणी दाखवली नसावी.

पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या तरुण इंजिनियरने तो संगणकावरून रिचर्ड जार्विस यांच्या फोनवर धाडला. मजकूर होता, नाताळच्या शुभेच्छा. म्हणजे नाताळ २२ दिवस पुढे असताना शुभेच्छा पोचल्या. यंत्रणेचा स्वभाव पहिल्याच दिवशी ठरून गेला: ज्याची कुणाला घाई नाही तो निरोप वेळेच्या आधी. पुढे २०२१ मध्ये पॅरिसच्या एका लिलावात या पहिल्या एसएमएसची डिजिटल प्रत १,०७,००० युरोंना विकली गेली. आलेल्या संदेशाला एवढा भाव असेल, तर न आलेल्यांचं काय ते एकदा कुणीतरी काढावं. माझ्याकडे साठा बरा आहे.

आपल्याकडे निरोप पोचवण्याची परंपरा काही वाईट नव्हती. पानिपतावर १७६१ मध्ये काय घडलं ते नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळलं असं सांगतात. पत्र त्यांच्या नावाचं नव्हतं, मजकूर सांकेतिक होता, तरी बातमी पोचली आणि अर्थही लागला. पेशव्यांना तो तीन मिनिटांच्या आत पुन्हा टाइप करून दाखवावा लागला नाही. अलीकडचं बघायचं तर तार होती. तार म्हटलं की घरातली बाई आधी रडायला लागायची आणि मग तार वाचली जायची, पण यायची. तारवाला सही घेऊन जायचा. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. मोबाइलच्या जमान्यात तार कोण करणार, असं कारण तेव्हा ऐकलं होतं. मीही मान डोलावली होती.

मराठीत संदेश पाठवणाऱ्यांची कथा आणखी निराळी. एका एसएमएसची मूळ जागा रोमन लिपीतल्या १६० अक्षरांची. देवनागरीत लिहिलं की तीच जागा ७० वर येते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणं हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वरी' हा चार अक्षरी शब्द यंत्राच्या हिशोबाने अकरा जागा खातो. त्यामुळे एखादी संस्था मराठीचा मान राखून चार ओळी लिहू बघते तेव्हा त्या एका संदेशाचे तीन तुकडे होतात आणि तुकडे स्वतंत्र प्रवासाला निघतात. माझ्या जुन्या फोनवर ते सुटे उतरायचे. शेवटचा आधी येई: 'अन्यथा कारवाई करण्यात येईल.' कशाबद्दल ते पहिल्या तुकड्यात असायचं. तो माझ्या माहितीप्रमाणे अजून वाटेत आहे.

आता कुणी म्हणेल, तुमच्या फोनमध्येच दोष असेल. तसा तो असता तर मी सुखी झालो असतो. फोन उत्तम चालतो. मला साडेसात लाखांचं कर्ज मंजूर झाल्याचा संदेश येतो. कर्जतला आणि नेरळला डोंगर दिसेल असे एनए प्लॉट निघाल्याचं कळतं, गुडघेदुखीवर तेल कळतं, रिचार्ज तीन दिवसांनी संपणार हे तीन दिवस रोज कळतं. 'आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर लगेच फोन करा' हा ठकांचा प्रसिद्ध संदेश मला आंबोलीच्या घाटात आला. धुकं असं की पुढची गाडी दिसेना. फोनला नेटवर्क नाही म्हणून तासभर घरी खुशाली कळवता आली नव्हती, पण ठकांना मी सापडलो. कामातली ही निष्ठा बँकेने शिकण्यासारखी आहे.

नको असलेले संदेश थांबवण्यासाठी १९०९ या क्रमांकावर नोंदणी करायची सोय आहे. मी केली. त्या दिवसापासून संदेश कमी झाले, हे मान्य केलं पाहिजे. कुठले कमी झाले ते मी वर सांगितलंच आहे. नोंदणीचा ओटीपीशी काही संबंध नसतो, असं मला अधिकृतपणे सांगण्यात आलं. मी विश्वास ठेवला. ठेवायला काय जातं?

तरी शासन या बाबतीत स्वस्थ बसलेलं आहे असं कुणी म्हणू नये. व्यापारी संदेशांना वेसण घालण्यासाठी ट्रायने २०१८ मध्ये नियमावली केली. तिच्यानुसार संदेश पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपलं नाव आणि मजकुराचे नमुने आधी नोंदवायचे, बदलता आकडा किंवा नाव जिथे येणार तिथे रिकामी जागा दाखवायची, आणि बाहेर पडणारा प्रत्येक संदेश त्या नमुन्याशी ताडून बघायचा. जुळला तर सोडायचा, नाही जुळला तर अडवायचा. हेतू उत्तम होता. ८ मार्च २०२१ रोजी हे ताडून बघणं खरोखर सुरू झालं, आणि देशभरचे ओटीपी कोसळले. बँकांचे व्यवहार अडले, आधारची कामं अडली, ज्येष्ठांच्या कोरोना लशीची नोंदणी नुकती सुरू झाली होती तीही अडली. दुसऱ्याच दिवशी ट्रायने ही छाननी सात दिवसांसाठी थांबवली. तो एक दिवस मला कृतार्थ वाटला. माझं दुःख पहिल्यांदाच अखिल भारतीय झालं होतं, आणि चौकशीला शेजारी आले होते.

संदेशाच्या नावापुढचीही सुधारणा झाली आहे. पाठवणाऱ्याच्या नावाआधी जी दोन अक्षरं दिसतात त्यांतलं पहिलं कंपनीचं, दुसरं विभागाचं. २०२५ पासून नावाच्या शेवटीही एक अक्षर लागतं: जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारला जी. ओटीपी हा टी मध्ये मोडतो. त्यामुळे पूर्वी आम्ही नुसतं 'मेसेज येत नाही' म्हणायचो. आता पी येतात, टी येत नाहीत, असं नेमकेपणाने सांगता येतं. शिवाय सिम बदललं की नव्या सिमवर चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, म्हणजे कुणी तुमच्या नावाने सिम काढून ओटीपी पळवू नये. नियम रास्तच आहे. सिम मी बदललं होतं ते मात्र ओटीपी येत नाही म्हणून, आणि मला तसं करायला कंपनीनेच सांगितलं होतं.

कंपनी म्हणजे ग्राहक सेवा. तिथपर्यंत पोचायला एक, दोन, नऊ, पुन्हा एक असे आकडे दाबावे लागतात. मग एक तरुण आवाज येतो. मी बँकेला विचारलं होतं, बँकेने मोबाइल कंपनीकडे बोट दाखवलं, म्हणून इकडे आलो, असं सांगितलं.

"सर, आमच्याकडून सगळं ओके दाखवतंय. बँकेनेच पाठवला नसेल."

"अहो, बँक म्हणते पाठवला."

"मग आला असेल ना सर."

"आला असता तर मी तुम्हांला कशाला फोन केला असता?"

तो थोडा वेळ थांबला. मागे की-बोर्डचा आवाज येत होता. "सर, एकदा फोन बंद करून चालू करा. नाहीतर सिम काढून, पुसून परत टाका."

"कशाने पुसू?"

हा प्रश्न त्याच्या कागदावर नसावा. "मऊ कापडाने, सर," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदा माणूस ऐकू आला. मी तक्रार लिहून घ्या म्हटलं. तक्रार अ‍ॅपवरून करावी लागते. अ‍ॅपमध्ये शिरायला मोबाइल नंबर टाकायचा, मग त्या नंबरवर काय येतं ते वाचकांना सांगायला नको. फोन ठेवताना त्याने विचारलं, सर, आणखी काही मदत करू का?

'आणखी' या शब्दावर मी काही बोललो नाही.

'पाठवला म्हणजे पोचला' हे तत्त्व बँकांनी शोधलेलं नाही, हे इथे न्यायाने सांगितलं पाहिजे. ते इंग्रजांचं आहे. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम २७ म्हणतं की पत्र योग्य पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर टपालाने टाकलं असेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते पोचलं असंच धरायचं. पण इंग्रजांनीसुद्धा 'उलट सिद्ध होईपर्यंत' एवढी खिडकी उघडी ठेवली होती. आणि रजिस्टर टपालाला पोचपावती जोडता यायची, तिच्यावर घेणाऱ्याची सही असायची. आमच्याकडे खिडकी नाही आणि पावतीही नाही. संदेश आला नाही हे मी सिद्ध कसं करणार? न आलेल्या गोष्टीचा स्क्रीनशॉट निघत नाही. मी एकदा रिकाम्या इनबॉक्सचा काढून बँकेला धाडला होता. 'फोटो नीट आलेला नाही, कृपया पुन्हा पाठवा' असं उत्तर आलं.

बरं, ओटीपीची गरज काय, असं विचारणारा मी नव्हे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला दुसरी खूण सक्तीची केली, ती चोरी थांबावी म्हणून, आणि तिच्यामुळे कितीतरी लोकांचे पैसे वाचले असतील. कुलूप हवंच. फक्त किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात, आणि तो माणूस कुठे आहे याची चौकशी चालू, ही मांडणी घरमालकाला जरा गैरसोयीची पडते.

परदेशी गेलेल्या मुलांनी यावर आपला तोडगा काढला आहे. माझा भाचा न्यू जर्सीत असतो. इथल्या खात्याचे ओटीपी तिथे रोमिंगवर येतात किंवा येत नाहीत, म्हणून त्याने इथलं सिम ताईच्या कोथरूडच्या घरी एका जुन्या फोनमध्ये घालून ठेवलं आहे. फोन देवघराच्या शेजारी कायम चार्जिंगला असतो. भाच्याला इथल्या फ्लॅटचं मेंटेनन्स भरायचं असलं की तो व्हिडिओ कॉल लावतो. त्याची रात्र, ताईची सकाळ. ताई चष्मा शोधते. मग संदेश वाचायला घेते तो पहिल्या शब्दापासून, कारण अर्धवट वाचणं तिला पटत नाही. "प्रिय ग्राहक... हा ओटीपी कुणालाही सांगू नका. बँकेचे कर्मचारी कधीही... अरे, हे सांगू नका म्हणतायत." "आई, आकडे!" "थांब रे, आकडे खाली आहेत." आकडे येईपर्यंत मुदत संपते, आणि भाचा दुसरा मागवतो. ताई तोही पहिल्या शब्दापासून वाचते. बँकेची सूचना इतक्या श्रद्धेने ऐकणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

हे झालं भरल्या पोटाचं रडणं. गेल्या काही वर्षांत ओटीपी मात्र बँकेतून उतरून सगळीकडे पसरला आहे. रेल्वेच्या ऑनलाइन तत्काळ तिकिटाला १५ जुलै २०२५ पासून आधारचा ओटीपी लागतो. दलालांना आळा बसावा हा हेतू, आणि त्याविरुद्ध कोण बोलेल? एसी डब्यांची खिडकी दहाला उघडते, स्लीपरची अकराला. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. गणपतीच्या दिवसांत कोकणकन्येचं तत्काळ तेवढं चालत नाही.

आणि लाडकी बहीण. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने या योजनेच्या सगळ्या लाभार्थी बायकांना ई-केवायसी सांगितली. महिन्याचे दीड हजार चालू राहायचे तर आधी स्वतःच्या आधारचा ओटीपी द्यायचा, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. दोन ओटीपी. नवरा ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात, फोन त्याच्या खिशात, फोनला रिचार्ज नाही. बायको गावात सेवा केंद्रापुढे रांगेत. ओटीपी येत नाही ही तक्रार तेव्हा राज्यभरच्या बातम्यांत होती. ज्यांचा नवरा नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी ओटीपी कुणाचा आणायचा, हा प्रश्नही निघाला, आणि तो योजना आखताना नव्हे, बायका रांगेत उभ्या राहिल्यावर निघाला. मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. माझी घरपट्टीची सवलत बुडाली त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही ते यामुळे. हात उंच करून बाल्कनीत उभं राहायला मला निदान बाल्कनी आहे.

न येणाऱ्या संदेशांचा समाजाला काहीच उपयोग नव्हता असं मात्र नाही. 'तुझा मेसेज मला आलाच नाही रे' या एका वाक्यावर मराठी नातेवाइकांनी किती बारशी, किती वास्तुशांती आणि किती उसनवाऱ्या निभावून नेल्या याला गणती नाही. मंडळाची वर्गणी, सोसायटीची सभा, दिराच्या मुलाचं ट्रेकिंगचं आमंत्रण, सगळ्यांवर हेच औषध. पुढे व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि २०१४ च्या नोव्हेंबरात त्यातल्या दोन खुणा निळ्या झाल्या. आता वाचलंय हे समोरच्याला दिसतं, आणि माणसं रुसतात. म्हणजे चुलत मामेसासऱ्यांनी पाठवलेला सुप्रभातचा गुलाब मला पोचला, मी तो उघडला, एवढं त्यांना जागच्या जागी कळतं. माझ्याच पैशांबद्दलचा सहा आकडी संदेश मला पोचला की नाही, हे मात्र बँकेला कळू शकत नाही, अशी माझी समजूत होती.

ती चुकीची निघाली, आणि इतका वेळ मी जे सांगतो आहे ते खरं तर एवढ्यासाठीच. बँकेला कळतं. बँकेसाठी जी संस्था घाऊक संदेश पाठवते तिच्याकडे प्रत्येक संदेशामागे मोबाइल यंत्रणेकडून अहवाल परत येतो: पोचला, पोचला नाही, मुदत संपली. 'पाठवला' हा एक रकाना आणि त्याच्या शेजारी 'पोचला का' हा दुसरा. वीस वर्षांपूर्वीच्या साध्या नोकियात डिलिव्हरी रिपोर्ट चालू ठेवला की बहिणीला केलेला एसएमएस पोचल्याचं तो फोन टुणकन सांगायचा. म्हणजे जी गोष्ट तेव्हा दीड-दोन हजारांच्या फोनला सांगता येत होती ती आज सांगता येत नाही असं नाही. सांगायची पद्धत नाही. मऊ कापडाने सिम पुसायला सांगणाऱ्या त्या मुलाला दुसरा रकाना दिसत नसावा. त्याला पहिलाच दाखवतात. मलाही पहिलाच दाखवतात.

रिझर्व्ह बँकेचे डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने एसएमएसखेरीज दुसऱ्या रीतींनाही वाट मोकळी आहे. पण एसएमएसचा ओटीपी त्यांनी बंद केलेला नाही, आणि साध्या फोनवाल्यांना दुसरी रीत कुठली? तेव्हा वाचकांपैकी कुणी बँकेत, मोबाइल कंपनीत किंवा सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खात्यात नोकरीला असेल तर त्यांना हात जोडून सांगणं आहे. 'पाठवला आहे' याच्या खाली आणखी एक ओळ छापा: 'पोचला' किंवा 'पोचला नाही'. जो पोचलेला नाही त्याची तीन मिनिटं मोजू नका, आणि संदेशावर तो कितवा आहे तेवढं लिहा. यासाठी नवं यंत्र लागत नाही. दुसरा रकाना तुमच्याकडे आहे, तो आम्हांला दाखवा.